करंट जातो कुठे?

प्रस्तावना

जुनी मोटारसायकल वर्षानुवर्षे उभी राहते, ती क्वचितच इंजिन संपल्यामुळे. इंजिनाचे दुखणे आवाजातून, धुरातून कळते. बोअर, पिस्टन, रिंग अशी त्याला नावे असतात, खर्चाचा अंदाज सांगता येतो, आणि मालक चार पैसे जमवून ते काम उरकतो. गाडी कायमची भिंतीला टेकते ती विजेच्या कामामुळे. आज एका किकला लागते, उद्या शंभर किका मारून लागत नाही. भिगवणपर्यंत छान जाते आणि परतताना मध्येच गप्प होते. हेडलाइट लावला की हॉर्नचा आवाज बसतो. मग बॅटरी बदलली जाते, नंतर कॉइल, नंतर सगळे वायरिंग. तरीही खोड जात नाही. शेवटी ‘वायरिंगमध्ये काहीतरी आहे’ एवढ्या निदानावर गाडी ताडपत्रीखाली जाते. हे पुस्तक त्या ‘काहीतरी’चा नेमका पत्ता काढण्याविषयी आहे, आणि तो घरी, आपल्या हाताने काढता येतो हा त्यातला मुख्य दावा आहे.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत अशा गाड्या आजही दिसतात, त्याला कारण आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इकडे आले, त्यामागून ऊस आला. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंदांनी कळंबजवळ साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथे सहकारी कारखाने आले. बागायत वाढली तशी माणसे गाव सोडून रानात, वस्त्यांवर राहायला गेली. एसटी फाट्यावर थांबायची, वस्ती तिथून दोन-तीन मैल आत. उसाचे बिल आणि दुधाचा पगार हातात येऊ लागला तेव्हा मोटारसायकल ही चैन नव्हती. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवलेली राजदूत, कालव्याच्या भरावावरून जाणारी जावा किंवा येझदी, बागायतदाराची बुलेट, पुढे लुना आणि एम-८० यांनी या भागाची दोन पिढ्यांची ये-जा सांभाळली. कारखान्यांमुळे फिटर आणि टर्नर घरोघरी होते, त्यामुळे यंत्राची भीती इथे कधीच नव्हती.

विजेचीही नसावी, असे मला वाटते. रात्री थ्री फेजची लाइट आली की बॅटरीच्या उजेडात विहीर गाठणारा, स्टार्टर उघडून कोणता फेज गेला ते टेस्ट लॅम्पने बघणारा माणूस या तालुक्यांत प्रत्येक शिवारात आहे. चारशे व्होल्टच्या पेटीत तो सावधपणे पण न घाबरता हात घालतो. तोच माणूस सहा व्होल्टच्या गाडीपुढे मात्र हतबल होतो. स्टार्टरची पेटी समोर उघडी असते, आणि गाडीचे वायरिंग टाकीखालून, हेडलाइटच्या वाटीतून, सीटखालून गुंडाळून गेलेले असते. दिसत नाही म्हणून ते अवघड वाटते. पंपाच्या बाबतीत तो जो विचार करतो, म्हणजे करंट कुठून आला, कुठपर्यंत पोचला आणि कुठे अडला, तोच इथे करायचा आहे.

ही विद्या आली कुठून, ते थोडक्यात पाहू. चुंबक हलला की तारेत वीज निर्माण होते हे मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले. इंजिनात ठिणगी पाडायला ते तत्त्व वापरायला पुढे काही दशके गेली. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याबरोबर स्पार्क प्लग सिद्ध केला, आणि वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला भरवशाची ठिणगी मिळाली. १९१०च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने दुसरी वाट काढली: बॅटरी, कॉइल आणि करंट तोडणारा पॉइंट. जुन्या गाड्यांचे सगळे वायरिंग या दोन घराण्यांतून निघालेले आहे. समोरची गाडी कोणत्या घराण्यातली, हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

राजदूत पहिल्या घराण्यातली. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ती आणली. क्रँकच्या टोकाला चुंबकाचे चाक फिरते, आतल्या कॉइलमध्ये वीज तयार होते. ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. लुना आणि जुने चेतकही याच रांगेतले. त्यामुळे ‘बॅटरी गेली म्हणून स्टार्ट होत नाही’ हे निदान या गाड्यांना लागू पडत नाही, तरी ते ऐकून बॅटऱ्या विकत घेतल्या जातात. या घराण्याची आणखी एक खूण आहे. दिव्यांचा करंट इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो आणि दिवे तो वाटून घेतात. एक दिवा उडाला की त्याच्या वाट्याचा दाब उरलेल्यांवर येतो आणि तेही उडतात. टेललाइट वारंवार जातो म्हणून होल्डर बदलणाऱ्याने आधी बाकीच्या बल्बांचे वॅट आणि त्यांचे कनेक्शन पाहावे. मूळ मापापेक्षा कमी वॅटचा एक बल्ब बाकीच्यांचा जीव घेतो.

जावा दुसऱ्या घराण्यातली. चेकोस्लोव्हाकियातल्या या गाडीचा कारखाना आयडियल जावाने म्हैसूरला १९६०-६१ मध्ये सुरू केला. १९७३ पासून तिचे नाव येझदी झाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जुन्या जावात क्रँकच्या उजव्या टोकाला सहा व्होल्टचा, ४५ वॅटचा डायनॅमो असतो आणि त्याच झाकणाखाली पॉइंट. या आकड्याकडे नीट पाहायला हवे. हेडलाइटचा बल्ब ३५ वॅटचा, टेललाइट वेगळा, आणि इग्निशन कॉइल आपला वाटा घेतच असते. म्हणजे डायनॅमो पूर्ण ताकदीने फिरला तरी रात्री हातात फारसे काही उरत नाही, आणि गाडी संथ चालली तर बॅटरीतूनच खर्च होतो. रात्री हेडलाइट लावून गल्लीबोळातून हळू फिरणाऱ्याची बॅटरी उतरली, तर गाडीत बिघाड आहेच असे नाही. ही गाडीची घडण आहे. बिघाड आणि घडण यांतला फरक ओळखणे हे निदानाचे पहिले काम, आणि त्यावर या पुस्तकाने दिलेली पाने मला सर्वांत मोलाची वाटली.

बुलेटची गोष्ट लांबट आहे. सैन्यासाठी ८०० बुलेट मागवल्या गेल्या आणि १९५५ मध्ये मद्रासला त्या जुळवायला सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर मागे राहिलेल्या बीएसए आणि नॉर्टन या गाड्यांवर मॅग्नेटो आणि डायनॅमो एकत्र असलेला ल्यूकसचा जोडसंच असे. बुलेटने पुढे अल्टरनेटर घेतला. अल्टरनेटरचा उलटसुलट करंट बॅटरीला चालत नाही, म्हणून रेक्टिफायर आला. आधी सेलेनियमच्या तबकड्यांचा, नंतर सिलिकॉनचा. इथे एक धोका कायम लक्षात ठेवावा. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते, आजच्या सवयीच्या बरोबर उलट. सवयीने ऋण टोक चासीला लावले की रेक्टिफायर क्षणात जळतो. बॅटरी काढण्याआधी कोणते टोक कुठे होते ते लिहून ठेवावे.

१९८४-८५ मध्ये जपानी बांधणीच्या १०० सीसी गाड्या आल्या, त्यात यामाहाची आरएक्स १०० आणि हिरो होंडाची सीडी १०० होती. त्यांनी पॉइंटच काढून टाकला आणि जागी सीडीआयची बंद डबी आली. फिलर गेजने पॉइंटचे अंतर बघणे, पॉलिश पेपरने ते साफ करणे ही कामे संपली. डबी गेली तर बदलायची. आरएक्स १०० आता स्वतःच जुन्या गाड्यांत जमा झाली आहे, म्हणून पुस्तकात तिला जागा आहे, पण थोडी. ते योग्यच आहे.

आता सहा व्होल्टकडे वळतो, कारण बहुतेक खोड्यांचे मूळ तिथे आहे. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. हेडला पाणी भरपूर सोडले तरी वाटेतल्या गळत्या आणि गाळ यांमुळे इंदापूरच्या टोकाला किती पोचते हे तो आयुष्यभर पाहत आला आहे. सहा व्होल्टच्या गाडीत हेडलाइट टेलला असतो. ३५ वॅटचा बल्ब सहा व्होल्टवर जवळपास ६ अँपिअर करंट घेतो, बारा व्होल्टवर ३. वाटेत गंजलेल्या थिंबलमुळे एक दशांश ओहमचा अडथळा आला, तर सहा व्होल्टमधला अर्ध्याहून जास्त व्होल्ट तिथेच संपतो, म्हणजे सुमारे दहा टक्के. बारा व्होल्टच्या गाडीत तोच अडथळा अडीच टक्क्यांच्या आत भागतो. बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने पडतो. दहा टक्के व्होल्ट गेले की सुमारे तीस टक्के उजेड जातो. जुन्या गाड्यांचा लाइट मिणमिणता असतो हा समज इथून आला आहे. नव्या असताना त्या मिणमिणत नव्हत्या. सांधे स्वच्छ केले तर आजही बराचसा उजेड परत मिळतो.

आणि हे सांधे फक्त जाणाऱ्या वायरीवर नसतात. गाडीत परतीची वेगळी वायर बहुधा नसते. करंट चासीतून परत बॅटरीकडे येतो. हेडलाइटचा करंट हँडलच्या बेअरिंगमधून, तिथल्या ग्रीसमधून वाट काढत येतो. मिस्त्री येणारी वायर तपासतो, ‘करंट आहे’ म्हणतो, आणि परतीची वाट कोणी बघत नाही. हौसेने नवी केलेली गाडी अनेकदा जुन्यापेक्षा जास्त त्रास देते ती यामुळेच. चासीला पावडर कोटिंग होते, आणि जिथे उघडे लोखंड उघड्या लोखंडाला टेकत होते तिथे रंगाचा जाड थर बसतो. रंग वीज जाऊ देत नाही. इंजिन, हेडलाइट आणि टेललाइट यांपासून बॅटरीपर्यंत एकेक जाड अर्थिंगची वायर टाकली, तर खर्च किरकोळ आणि गुण मोठा. पुस्तकातले एकच प्रकरण वाचायला वेळ असेल तर मी अर्थिंगचे वाचायला सांगेन.

बिघाड शोधण्याच्या पद्धतीही या गाड्यांच्या काळात घडत गेल्या. पहिली उस्तादांची. प्लग काढून हेडला टेकवायचा, किक मारायची, ठिणगीचा रंग बघायचा; पॉइंटवर निळ्या-पिवळ्या ठिणग्या जोरात उडताना दिसल्या की कंडेन्सर गेला म्हणायचे. हे निदान खरे असते, कारण पॉइंट उघडताना करंट झटकन तोडायला कंडेन्सर मदत करतो. तो निकामी झाला की करंट पॉइंटवर जळत राहतो आणि प्लगला ठिणगी कमजोर मिळते. उस्तादांच्या पद्धतीत अनुभवाचा मोठा साठा आहे. अडचण एवढीच की ती माणसाबरोबर जाते. पन्नाशी-साठीतले हात थांबले की त्या दुकानात शिकलेला मुलगा आज स्कॅनर लावून नव्या गाड्या तपासत असतो. पॉइंट त्याने हाताळलेला नसतो.

दुसरी पद्धत बदलून बघण्याची. ही सर्वांत महागडी आणि सर्वांत रूढ. तिचा खरा दोष खर्चाचा नाही. प्रत्येक नवा सुटा भाग आपल्याबरोबर नवी शंका आणतो, आणि आज मिळणारे अनेक पॉइंट आणि कंडेन्सर मूळ भागांच्या दर्जाचे नाहीत. काढून टाकलेली जुनी ल्यूकस किंवा मायकोची वस्तू कधी कधी चांगलीच असते. पुण्यात नाना पेठेतून किंवा जुन्या बाजारातून असे मूळ भाग शोधून आणणाऱ्यांना हे माहीत आहे.

तिसरी मोजण्याची, आणि पुस्तकाचा कल तिकडे आहे. मल्टिमीटर आता स्वस्त झाला आहे, घरोघरी दिसतो. पण तो फसवतो, हे आधी कळले पाहिजे. वायरीची शंभरातली एकच तार शाबूत असली तरी मीटर पूर्ण सहा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. त्या वायरीवर बल्ब लावला की उजेड पडत नाही. म्हणून भार चालू असताना मोजायचे: हेडलाइट लावून ठेवायचा आणि त्याच्या वायरीच्या दोन टोकांवर मीटर धरायचा. दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अडथळा त्याच तुकड्यात. आणि जिथे मीटर फसतो तिथे साधा टेस्ट लॅम्प खरे बोलतो, कारण तो करंट ओढतो. शोधताना एका टोकापासून सुरुवात न करता मधोमध तपासावे, हाही धडा इथे चांगला मांडला आहे. आठ सांध्यांच्या वाटेवर मधून सुरुवात केली तर तीन तपासण्यांत दोषी सांधा सापडतो.

मोजण्याच्या पद्धतीलाही चकवणारे बिघाड असतात, आणि ते आपल्याकडे उन्हाळ्यात जास्त. मे महिन्यात पारा चाळिसापुढे जातो, त्यात इंजिनाची उष्णता. इग्निशन कॉइलच्या आतले वेटोळे तापून पसरते, इन्सुलेशनचा तडा उघडतो, गाडी पंधरा मिनिटांनी बंद पडते आणि झाडाखाली थांबली की पुन्हा लागते. मिस्त्रीकडे पोचेपर्यंत ती थंड झालेली असते आणि सगळी मोजमापे बरोबर येतात. अशी कॉइल गरम असतानाच तपासली पाहिजे. हे काम घरचाच माणूस करू शकतो, कारण गाडी बंद पडते तेव्हा तिच्याजवळ तोच असतो.

चौथी पद्धत मूळ रचनाच सोडून देण्याची: सहाचे बारा व्होल्ट करायचे, पॉइंट काढून सीडीआय बसवायचा. रोज पाच-पन्नास किलोमीटर चालवणाऱ्याची ही निवड मी समजू शकतो. पण ती शेवटची असावी, पहिली नव्हे. गंजलेला सांधा बारा व्होल्टवरही गंजलेलाच राहतो, फक्त त्याची लक्षणे काही वर्षे दडतात. शिवाय आता कायद्याचाही विचार करायला हवा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांवरील वाहनांसाठी व्हिंटेज वर्ग आला, त्यांना ‘व्हीए’ मालिकेचे क्रमांक मिळू शकतात, आणि त्यासाठी वाहन मूळ रूपात असावे, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. वायरिंगचे नाव त्या अटीत वेगळे घेतलेले नाही, पण मूळ रूप म्हटल्यावर डायनॅमो काढून फेकण्याआधी दोनदा विचार करावा. म्हैसूरहून जावा नावाने विकलेल्या गाड्यांनी वयाची ती रेषा आता ओलांडली आहे. भंगारात दिलेला मूळ डायनॅमो किंवा कटआउट परत मिळवणे दर वर्षी कठीण होत चालले आहे.

ज्या बारामतीत पियाजिओचा कारखाना १९९९ पासून आपे रिक्षा बनवतो, तिथून आता इलेक्ट्रिक आपेही बाहेर पडतात. या भागातली आयटीआयची मुले बॅटरी, कंट्रोलर, मोटार यांवर काम शिकत आहेत. त्यांच्यासाठी जुनी जावा हे मागे जाणे नाही. व्होल्ट, अँपिअर आणि ओहम यांचे नाते तिथे उघड्या डोळ्यांनी दिसते. प्रत्येक वायर मोजता येते, प्रत्येक सांधा उघडता येतो, आणि चुकीची शिक्षा बहुधा एका फ्यूजवर भागते. सीलबंद डब्यांवर शिकणाऱ्याला असा फळा दुसरीकडे मिळणार नाही. इंग्रजीत कारखान्यांच्या पुस्तिका आणि हेन्सची मॅन्युअल आहेत, पण ती वर्कशॉप आणि मूळ अवजारे गृहीत धरतात. वस्तीवरच्या ओट्यावर, खंडेनवमीला गाडी धुताना स्विचमध्ये पाणी गेल्यावर, उंदराने वायर कुरतडल्यावर काय करायचे, हे सांगणारे मराठीत हाताशी फार थोडे आहे. ही उणीव भरून काढायला हे पुस्तक निघाले आहे, आणि त्याने मिस्त्रींच्या तोंडचीच भाषा ठेवली आहे.

पुस्तक सगळे करत नाही. आर्मेचर किंवा मॅग्नेटची कॉइल नव्याने भरणे त्यात नाही. ते काम वाइंडिंगवाल्यांचे, आणि पंपांमुळे या तालुक्यांत ते चांगले आहेत. त्यांना तारेचा गेज आणि वेढे मोजून दिले तर काम नीट होते, म्हणून जुनी कॉइल कापून फेकू नये, मोजून ठेवावी. सुरक्षिततेच्या सूचना मात्र कोणी गाळू नयेत. ठिणगी बघताना प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. तिथे ठिणगी पडली तर भडका उडतो, तेव्हा प्लग भोकापासून दूर टेकवावा आणि पेट्रोलचा कॉक बंद असावा. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीजवळ विडी-काडी नको, तिच्यातून हायड्रोजन निघतो. सीडीआयच्या गाडीत प्लग चासीला न टेकवता किक मारली तर डबीही जाऊ शकते आणि माणसाला जबर झटका बसतो. कामाला हात घालण्याआधी बॅटरीचे चासीकडचे टोक सोडावे, आणि मोजण्यापुरतेच जोडावे.

पुस्तकाच्या सुरुवातीला एक कोरा नकाशा ठेवला आहे: बॅटरी, स्विच, कॉइल, दिवे आणि हॉर्न यांच्या चौकटी, मधल्या वायरी मात्र काढलेल्या नाहीत. पन्नास वर्षांत चार हातांखालून गेलेल्या गाडीचे वायरिंग छापील आकृतीशी जुळत नाही. लाल वायर कुठेतरी हिरवी होऊन निघते, एखादी कुठेच जात नाही. म्हणून वाचकाने आधी आपल्या गाडीत आज जे आहे ते त्या नकाशात भरावे, रंगासकट. पेन्सिलने भरावे, टाकी उतरवल्यावर त्यातले बरेच खोडावे लागेल.